अंदाज वहीत, उत्तर मशीनकडून

प्रश्न थोडक्यात असा: बीकॉमनंतर कोर्स करून वेब डेव्हलपर झालेले एक जण चार वर्षं पायथन आणि जावास्क्रिप्ट लिहितायत. त्यांना कॉम्प्युटर आर्किटेक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया पक्का करायचा आहे. दोन जाडजूड पुस्तकं घेतली, दोन्ही तिसऱ्या प्रकरणात अडकली. आधी कोणता विषय घ्यावा? लॉजिक गेटपासून सुरुवात करावी का? नोकरी सांभाळून किती दिवस लागतील? आणि घरी ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, तो चालेल का?

आधी हे की आधी ते, हा वाद सोडून द्या. हे दोन विषय वेगळे झाले ते विद्यापीठाला दोन पेपर काढायचे असतात म्हणून. तुम्ही अडकलात त्याचं कारणही मला तिथेच दिसतं. आर्किटेक्चरचं पुस्तक इन्स्ट्रक्शनपासून वर चढतं, ओएसचं (ऑपरेटिंग सिस्टिमचं) पुस्तक प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, व्याख्येपासून सुरू होतं, आणि दोघांची गाठ जिथे पडते ती जागा, म्हणजे मेमरी, दोन्हीकडे बरीच पानं उलटल्यावर येते. तोवर माणूस थकलेला असतो. माझ्या हाताखाली नवीन मुलं येतात त्यांना मी मेमरीपासूनच सुरुवात करायला लावतो. अट एकच: काहीही चालवण्याआधी किती वेळ लागेल, किती मेमरी लागेल, काय छापलं जाईल, याचा अंदाज वहीत लिहायचा. पेनाने, कारण पेन्सिलीचं खोडता येतं. मग चालवायचं. अंदाज लिहिला नसेल तर उत्तर बघून "हो, असंच होणार की" असं आपण स्वतःला पटवतो आणि पुढे जातो. लिहिलेला अंदाज चुकला की मात्र चैन पडत नाही.

यासाठी सी भाषा लागेल. फार नाही, ॲरे, पॉइंटर, स्ट्रक्चर आणि मॅलॉक (मेमरी मागून घेणारं फंक्शन) एवढं तीन-चार आठवड्यांत होतं. पायथनमध्ये हे प्रयोग जमत नाहीत, कारण १ हा साधा आकडासुद्धा ६४ बिटी सीपायथनमध्ये (म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये) २८ बाइटचा ऑब्जेक्ट असतो. खालची मेमरी त्याच्याआड लपून जाते.

आता पहिला प्रयोग. १०,००० ओळी आणि १०,००० रकाने असलेली आकड्यांची जाळी घ्या, प्रत्येक आकडा ४ बाइटचा. म्हणजे ४० कोटी बाइट. सगळ्या आकड्यांची बेरीज एकदा ओळीओळीने करा, एकदा रकान्या-रकान्याने. दोन्हीकडे बेरजा दहा कोटीच. अंदाज लिहा.

बहुतेक जण "सारखाच वेळ" लिहितात. प्रत्यक्षात रकान्याने जाणाऱ्या फेरीला कित्येक पट वेळ लागतो. किती पट ते तुमच्याच मशीनवर बघा, माझा आकडा तुमच्या कामाचा नाही.

कारण असं. रॅममधून प्रोसेसर ४ बाइट कधीच आणत नाही. आणतो तो ६४ बाइटचा अख्खा तुकडा, त्याला कॅश लाइन म्हणतात; कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी. (ॲपलच्या एम मालिकेच्या चिपमध्ये ती १२८ बाइटची आहे.) ओळीने चाललात तर एका खेपेत १६ आकडे येतात, आणि तुम्ही सरळ रेषेत चाललाय हे ओळखून प्रोसेसर पुढचा तुकडा न मागता आणून ठेवतो. रकान्याने चाललात तर दर आकड्यानंतर ४०,००० बाइटची उडी. ६४ बाइट आणायचे, ४ वापरायचे. शेजारचा आकडा पुढच्या रकान्यात लागणारच आहे, पण तोवर १०,००० लाइन, म्हणजे ६,४०,००० बाइट, मध्ये येऊन गेलेले असतात. सगळ्यात जवळची एल-वन कॅश साधारण ३२ किंवा ४८ केबीची. तिथून तो तुकडा कधीच हुसकला गेलेला असतो. एल-वनमधून आकडा मिळायला चार-पाच क्लॉक सायकल (प्रोसेसरचे ठोके) लागतात. रॅमपर्यंत जावं लागलं तर १०० नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे ३ गिगाहर्ट्झवर तीनेकशे सायकल.

इथवर झालं आर्किटेक्चर. पण त्याच उडीत ओएस दडलेलं आहे. तुमच्या प्रोग्रॅमला दिसणारे पत्ते खरे नसतात. कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, मेमरीची ४,०९६ बाइटची पेजेस पाडतो आणि कोणतं पेज खऱ्या रॅममध्ये कुठे आहे याची नोंद पेज टेबलात ठेवतो. दर वेळी टेबल वाचणं परवडत नाही, म्हणून अलीकडे लागलेले पत्ते प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या कॅशमध्ये ठेवतो. तिची ताकद हजार-दोन हजार नोंदींची. तुमची प्रत्येक उडी ४०,००० बाइटची, म्हणजे दर आकडा नव्या पेजवर, एका रकान्यात १०,००० पेजेस. टीएलबी धापा टाकते. हे पेज टेबल लिहितो कर्नल, वाचतो प्रोसेसर. आणि वाचताना "हे पेज वापरलं", "यावर लिहिलं" अशा दोन खुणा प्रोसेसरच करून ठेवतो. त्या खुणा बघून, मेमरी कमी पडली की कुणाला बाहेर काढायचं ते कर्नल ठरवतो. आता सांगा, हा कोणत्या पेपरचा धडा?

याच प्रयोगात एक सापळा आहे आणि तो मला फार आवडतो. एक मुलगा मोजून आला, फरक फारच कमी. त्याने मॅलॉक करून जाळी घेतली होती, पण तीत आकडे भरलेच नव्हते. "शून्यांची बेरीज केली सर, बेरजेला काय फरक पडतो?" फरक पडतो. मॅलॉकने ४०० एमबी दिली म्हणजे फक्त शब्द दिलेला असतो. पेजला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा पेज फॉल्ट होतो आणि कर्नल जागा होऊन व्यवस्था करतो. त्यातही तुम्ही नुसतं वाचत असाल तर लिनक्स खरं पेज खर्ची घालतच नाही. शून्यांनी भरलेलं एकच पेज सगळ्यांना दाखवतो. त्या मुलाच्या जवळजवळ ९८,००० पेजेसच्या मागे ४ केबीचं एकच पेज उभं होतं आणि ते एल-वनमध्ये आरामात मावत होतं. जाळी भरून घेतल्यावर आकडे ताळ्यावर आले. त्या चुकीतून तो जे शिकला ते मी दोन तास फळ्यावर लिहूनही त्याच्या डोक्यात उतरलं नसतं.

(मोजताना आणखी एक: बेरीज शेवटी छापा. छापली नाही तर हिचा उपयोगच नाही असं समजून कंपायलर अख्खी फेरी उडवून देतो, आणि तुम्ही शून्य सेकंदांवर खूश होता.)

पुढची पायरी म्हणून जाळी १०,००० ऐवजी ८,१९२ ची करा. आकडे कमी झाले, तरी रकान्याच्या फेरीत दर आकड्यामागचा वेळ बघा. याचं कारण मी इथे सांगत नाही. 'सेट असोसिएटिव्ह' हे शब्द शोधा आणि ८,१९२ ला ४ ने गुणून बघा.

हे सगळं कळून व्यवहारात काय मिळतं, तर एक जुनी गोष्ट सांगतो. एका कंपनीत आमच्या टीमकडे डेटाबेसचा मोठा सर्व्हर होता. 'फ्री' ही आज्ञा चालवली की मोकळी मेमरी जेमतेम काहीशे एमबी दिसायची. वरचे घाबरले. कुणीतरी इंटरनेटवरून एक ओळ उचलून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यादीत) टाकली: रोज पहाटे कर्नलने रॅममध्ये ठेवलेली फाइलींची कॅश रिकामी करायची. मोकळी मेमरी छान दिसायला लागली, सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त रोज सकाळी रिपोर्ट रडत चालायचे. दोन महिने आम्ही क्वेरी तपासत बसलो होतो. रिकाम्या पडलेल्या रॅमचा काही उपयोग नसतो, म्हणून लिनक्स वाचलेल्या फाइली तिच्यात धरून ठेवतो आणि प्रोग्रॅमला गरज पडली की सोडून देतो. बघायचा रकाना 'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल'. आम्ही रोज पहाटे ती साठवण फेकून देत होतो आणि सकाळी डिस्कवरून पुन्हा भरत होतो. त्या क्रॉनच्या बदलाला मंजुरी मीच दिली होती, हेही सांगून टाकतो. डिग्रीत ओएसला मला चांगले मार्क होते.

दुसरा प्रयोग छोटा आहे. सीमध्ये 'नमस्कार' आणि नवी ओळ छापा, मग फोर्क करा (चालू प्रोसेसची दुसरी प्रत काढा), मग प्रोग्रॅम संपवा. टर्मिनलवर 'नमस्कार' एकदा येतो. हाच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, आउटपुट फाइलमध्ये वळवून चालवा. फाइल उघडा. दोनदा!

प्रिंटएफ काही थेट कर्नलकडे जात नाही. सीची लायब्ररी मजकूर तुमच्याच प्रोसेसच्या मेमरीत, बफरमध्ये साठवते. समोर टर्मिनल असेल तर ओळ संपली की बफर कर्नलच्या हवाली करते; फाइल असेल तर बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्रॅम संपेपर्यंत थांबते. फोर्क झाला तेव्हा 'नमस्कार' बफरमध्येच पडून होता. फोर्क म्हणजे मेमरीची नक्कल, तेव्हा बफरचीही नक्कल झाली, आणि मरताना आई-मूल दोघांनी आपापला 'नमस्कार' लिहिला. प्रोसेस, ॲड्रेस स्पेस, लायब्ररी आणि कर्नल यांच्यातली सीमारेषा इतक्या स्वस्तात दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे मागितलेली कामं (सिस्टिम कॉल) दाखवणारी आज्ञा, लावून बघितलंत तर 'राइट' हा सिस्टिम कॉल किती वेळा आणि कोणी केला तेही दिसेल. एसट्रेसची सवयच लावून घ्या. रोजच्या 'एलएस'वर, तुमच्या पायथनच्या सर्व्हरवर, दिसेल त्याच्यावर लावा.

सिस्टिम कॉल महाग का, ते कोड न लिहितासुद्धा कळतं. डीडी ही बाइट इकडून तिकडे ओतणारी आज्ञा वापरून एक कोटी शून्यं एकेक बाइट करून कुठेच न जाणाऱ्या फाइलीत (/dev/null) ओता. मग तेवढीच दहा-दहा लाखांच्या घासांनी ओता. पहिल्यात दोन कोटी सिस्टिम कॉल, दुसऱ्यात वीस. तुमच्या लॅपटॉपमध्ये २०१८ आधीचा इंटेल प्रोसेसर असला तर आणखी एक गंमत. एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा) चालवा, खाली 'मेल्टडाउन'समोर 'मिटिगेशन' आणि 'पीटीआय' असे शब्द दिसतील. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेली ही त्रुटी. प्रोसेसर वेळ वाचवायला पुढच्या इन्स्ट्रक्शन अंदाजाने आधीच चालवतो, आणि परवानगी नसलेली कर्नलची मेमरी वाचल्याची खूण कॅशमध्ये मागे राहत होती. दोष चिपचा, पण निस्तरला ओएसने: प्रोग्रॅम चालू असताना त्याच्या पेज टेबलातून कर्नल जवळजवळ पूर्ण काढून टाकायचा (हेच ते 'पीटीआय'). त्यामुळे दर सिस्टिम कॉलला पेज टेबल बदलावं लागतं, आणि त्या दोन कोटी कॉलची किंमत वाढते.

एवढं दोन-तीन महिन्यांत होईल. मग एक्सव्ही६ उघडा. ही एमआयटीने (पुण्याच्या नव्हे, मॅसॅच्युसेट्सच्या) शिकवण्यासाठी २००६ मध्ये लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, १९७५ च्या युनिक्स सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर. आज ती रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालते, आणि तो प्रोसेसर क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमध्ये आभासी असतो, विकत काही घ्यावं लागत नाही. कोड दहा हजार ओळींच्या आत. पूर्ण वाचायचा हट्ट धरू नका. मी दोन जागा सांगतो.

पहिली जागा, 'स्विच' नावाचं असेंब्लीतलं फंक्शन. एका प्रोसेसवरून दुसरीवर जाणं, ज्याला परीक्षेत आपण कॉन्टेक्स्ट स्विच म्हणून अर्ध्या पानाची व्याख्या लिहितो, ते इथे आहे: १४ रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या, आकडे ठेवायच्या जागा) मेमरीत ठेवायची, दुसऱ्या प्रोसेसची १४ मेमरीतून उचलायची, आणि 'रिटर्न'. संपलं. त्यातली एक इन्स्ट्रक्शन स्टॅक पॉइंटर बदलते आणि एक परतीचा पत्ता बदलते, त्यामुळे जो 'रिटर्न' होतो तो भलत्याच प्रोसेसच्या, केव्हातरी थांबलेल्या फंक्शनमध्ये होतो. शिरताना एक होता, बाहेर पडला दुसराच. ही ओळ पहिल्यांदा कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली होती.

आता अंदाज: प्रोसेसरला ३२ रजिस्टर आहेत, मग ठेवली १४ च का? आणि दुसरी जागा, प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये शिरण्याचा ट्रॅम्पोलिन, तिथे मात्र ३१ च्या ३१ का ठेवतात? (बत्तिसावं कायम शून्य असतं.) तर 'स्विच' हे फंक्शन कुणीतरी स्वतःहून बोलावलेलं असतं. कंपायलरचा करारच आहे की फंक्शन बोलावताना काही रजिस्टर बोलावणाऱ्याने आपली आपण सांभाळायची. ती आधीच त्याच्या स्टॅकवर आहेत. ट्रॅम्पोलिनमध्ये शिरताना तसं नाही. टायमरचा इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारा इशारा) प्रोग्रॅमच्या कुठल्याही दोन इन्स्ट्रक्शनच्या मध्ये येऊन धडकतो. त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला काही आवरायला वेळच मिळालेला नसतो. १४ आणि ३१ मधला हा फरक तुम्ही कुणाला तरी न अडखळता समजावू शकलात तर इंटरप्ट, सिस्टिम कॉल आणि शेड्युलिंगचा पाया झाला असं मी धरेन.

मूळ युनिक्सच्या याच भागात, युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांची ती प्रसिद्ध टीप होती, की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. लोक त्याला उद्धटपणा समजत. नंतर रिची यांनीच सांगितलं की "हे परीक्षेला येणार नाही" अशा अर्थाने ते लिहिलं होतं, आणि खरी अडचण अशी की आत काय चाललंय ते त्यांनाही नीट कळलेलं नव्हतं. तेव्हा तिसऱ्या प्रकरणात अडकल्याचं फार मनाला लावून घेऊ नका.

काय सोडायचं हेही सांगतो. फर्स्ट-कम-फर्स्ट-सर्व्ह, शॉर्टेस्ट जॉब, राउंड रॉबिन या शेड्युलिंगच्या (कुणाची पाळी आधी, ते ठरवण्याच्या) पद्धतींची तक्त्याची गणितं एकदा करा आणि मिटा. लिनक्समध्ये २००७ पासून सीएफएस हा शेड्युलर होता आणि ६.६ आवृत्तीपासून ईईव्हीडीएफ आहे, त्यांचा सूर वेगळाच. डिस्कचा हात पुढे-मागे नेण्याचे अल्गोरिदम एसएसडीच्या काळात शेवटी ठेवा. बँकर्स अल्गोरिदम (प्रोसेस एकमेकींत अडकू नयेत म्हणून असलेला) मी कामावर एकदाही वापरलेला नाही. बेलेडीचं कोडं मात्र जरूर सोडवा, दहा मिनिटांचं आहे: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पेजेस लागतात, आधी आलेलं आधी बाहेर. तीन जागा असताना ९ पेज फॉल्ट, चार जागा दिल्यावर १०. मेमरी वाढवली आणि काम बिघडलं.

गेटबद्दल. एक-दोन शनिवार-रविवार पुरेत: नँड गेटपासून बेरीज करणारं सर्किट, आणि एक बिट लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप. त्याखाली जाऊ नका, तो वेगळा छंद आहे. आमच्या पिढीला हे ८०८५ च्या किटवर मिळालं. १९७६ ची इंटेलची चिप, ६४ केबीपर्यंत पत्ते, वर सहा लाल आकड्यांचा डिस्प्ले आणि कॅलक्युलेटरसारख्या कळा. प्रॅक्टिकलला ३ई ०५, ०६ ०७, ८०, ७६ असं एकेक बाइट हाताने टाकायचं: ए मध्ये ५, बी मध्ये ७, बेरीज, थांब. मग ए रजिस्टर उघडून बघायचं. माझ्या पार्टनरने उत्तर बघितलं, ०सी (सोळाच्या पद्धतीतले १२), आणि किट बिघडलंय म्हणून लॅब असिस्टंटला बोलावून आणलं. प्रोग्रॅम म्हणजे मेमरीत ठेवलेले आकडेच, हे मात्र त्या कळा दाबताना बोटांना समजलं होतं. आज ८०८५ चा सिम्युलेटर तेवढंच करून देतो. तासभर द्या, पण ८०८५ चा अख्खा अभ्यासक्रम नको.

थ्रेडकडे (एकाच प्रोसेसमध्ये सोबत चालणाऱ्या धाग्यांकडे) एक्सव्ही६ नंतरच या. दोन थ्रेड, एकच मोजणी, प्रत्येकाने दहा लाख वेळा एक मिळवायचा. अंदाज वीस लाखांचा येईल आणि उत्तर रोज वेगळं, बहुतेक त्याहून कमी. 'एक मिळव' ही असेंब्लीत उचल, वाढव, ठेव अशी तीन पावलं असतात, एवढं दिसलं की लॉक कशासाठी ते आपोआप येतं. मेमरी ऑर्डरिंगच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. मीसुद्धा अजून तिथे कागद-पेन घेऊनच बसतो.

वेळ: आठवड्याला पाच-सहा तास धरले तर सहा महिन्यांत पुस्तकं वाचता येतील इतकं कळेल, वर्षभरात एक्सव्ही६ मध्ये स्वतःचा एखादा सिस्टिम कॉल घालता येईल. अडकलेली ती दोन पुस्तकं विकू नका. प्रयोग फसला की त्याच विषयाचं प्रकरण उघडायचं, पहिल्या पानापासून नाही.

आणि लॅपटॉप चालेल, उलट जुनाच बरा. उबंटू लिनक्स टाका. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवायची घाई करू नका. बूट झाल्या झाल्या एखादी एक-दोन जीबीची फाइल 'कॅट' करून कुठेच न जाणाऱ्या फाइलीत ओता, वेळ मोजा आणि कान द्या. डिस्क कुरकुरताना ऐकू येईल. लगेच तीच आज्ञा पुन्हा चालवा. या वेळी डिस्क गप्प असेल. ती का गप्प आहे, ते त्या क्रॉनच्या गोष्टीत वर आलंच आहे.